रस की ठिणगी

१९३८ च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या तुरुंगात चौसष्ट वर्षांचा एक प्राध्यापक पहारेकऱ्याची मनधरणी करत होता. त्याला एक पोस्टकार्ड हवं होतं आणि लिहायला पेन. ११ मार्चच्या रात्री हिटलरच्या माणसांनी ऑस्ट्रियाची सत्ता बळकावली आणि त्याच उत्तररात्री तीनच्या सुमाराला दहा-बारा बंदूकधारी तरुण या माणसाच्या शयनगृहात घुसले. तो ज्यू होता, तेवढं पुरेसं होतं. त्याच्या दोन धाकट्या मुलांनाही त्यांनी पकडून नेलं. आपल्याला आता ठार मारणार, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

पहारेकरी अखेर विरघळला. हाती आलेल्या त्या कार्डावर प्राध्यापकाने आपल्या नुकत्याच पुऱ्या झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष लिहिले आणि ‘नाटुरविसेनशाफ्टन’ या जर्मन विज्ञान नियतकालिकाकडे ते पाठवायची व्यवस्था केली. कार्ड गेल्यावर केवढं हायसं वाटलं, हे त्याने पुढे आत्मकथनात नोंदवून ठेवलं आहे. आपण मेलो तरी हे बुडायला नको, एवढीच त्याची तळमळ होती.

या माणसाचं नाव ऑटो लोवी. दीडच वर्षापूर्वी, १९३६ मध्ये, त्याला आणि त्याचा इंग्रज मित्र सर हेन्री डेल याला मिळून वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. एक मज्जातंतू आपला निरोप पुढच्या पेशीला कसा देतो, या प्रश्नाचं उत्तर या दोघांनी शोधलं होतं. ते उत्तर लोकांच्या गळी उतरवताना जवळजवळ पन्नास वर्षं गेली आणि त्या वादात शरीरशास्त्रातले एकाहून एक मातब्बर लोक एकमेकांसमोर उभे राहिले. वाद रंगात आल्यावर दोन्ही पक्षांना इंग्रजीत टोपणनावंही पडली : सूपवाले आणि स्पार्कवाले. आपण त्यांना रसवाले आणि ठिणगीवाले म्हणू.

प्रश्न मुळात उभा राहिला तो एका फटीमुळे. मज्जातंतूतून वीज धावते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्कं झालं होतं. पण सगळी मज्जासंस्था म्हणजे एकसंध विणलेलं जाळं आहे, असंच बहुतेकांना वाटे. इटलीच्या कामिलो गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. त्यालाही सूक्ष्मदर्शकातून जाळंच दिसलं. त्याचीच रीत घेऊन स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने १८८८ पासून पक्ष्यांचे आणि लहान प्राण्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्याला दिसल्या त्या सुट्या पेशी. एकमेकींच्या अगदी जवळ येणाऱ्या, पण एकमेकींत न मिसळणाऱ्या. १९०६ चं नोबेल या दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जीने पारितोषिकाच्या भाषणातच काहालचं मत खोडून काढलं. सरशी मात्र काहालची झाली. दोन पेशी जिथे भेटतात त्या जागेला १८९७ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने नाव दिलं : सिनॅप्स.

पेशी सुट्या असतील तर त्यांच्यामधली फट निरोप ओलांडतो कसा? वीज सरळ पलीकडे उडी घेत असेल, किंवा तंतूच्या टोकाशी एखादं रसायन पाझरत असेल आणि ते पलीकडच्या पेशीला जागं करत असेल. जर्मनीच्या द्यु बुआ-रेमोंने हे दोन पर्याय १८७७ मध्येच मांडून ठेवले होते. वीज मोजता येत होती, क्षणार्धात पोचत होती. त्यामुळे रसायनाचा विचार करायची कोणाला गरज वाटली नाही.

पहिली ठाम सूचना आली १९०४ मध्ये, केंब्रिजच्या टॉमस एलियट या तरुणाकडून. अ‍ॅड्रेनलिन टोचलं की शरीराच्या ज्या ज्या भागावर जो जो परिणाम होतो, तोच परिणाम तिथल्या सिंपथेटिक मज्जातंतूंना चेतवल्यावर होतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग हे तंतू आपल्या टोकाशी अ‍ॅड्रेनलिनच सोडत असतील का? शरीरशास्त्रज्ञांच्या सभेपुढे त्याने हा विचार ठेवला. थोरामोठ्यांनी त्यात फारसा रस घेतला नाही आणि एलियट पुढे रुग्ण तपासण्याच्या व्यवसायाकडे वळला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत हळहळ वाटते ती या माणसाची.

त्याच वर्षी एलियटचा मित्र हेन्री डेल वेलकम या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट या बुरशीचे औषधी गुण तपासायचं काम त्याच्याकडे आलं. मनापासून आवडावं असं ते काम नव्हतं. एकदा दिवस संपता संपता कारखान्यातून अ‍ॅड्रेनलच्या अर्काचा नमुना तपासणीसाठी आला. डेलने तो टेबलावरच्या मांजरीला टोचला. मांजरीला आधीच अर्गट दिलेलं होतं. रक्तदाब वाढायला हवा होता, तो उतरला. नमुना बाद, असा शेरा त्याने मारला. आठवड्याने नवा नमुना आला आणि पुन्हा तसंच झालं. तेव्हा त्याला उमगलं की नमुन्यात खोट नाही, अर्गटने अ‍ॅड्रेनलिनची रक्तवाहिन्या आवळायची वाटच अडवून धरली आहे. १९०६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

ही वाट पुढे थेट आपल्या कोकणापर्यंत आली. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना बेफाम चेतवतं. तंतूंच्या टोकांतून अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या रसांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठून माणूस दगावतो. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. डेलच्या मांजरीत अर्गटने अडवली होती, तीच वाट प्राझोसिन अडवतं. ज्या दंशाने घरातली मुलं डोळ्यांदेखत जात, ती या गोळीने वाचू लागली.

अर्गटने डेलला आणखी एक गोष्ट दिली. १९१३ मध्ये अर्गटचा एक अर्क टोचला तेव्हा प्राण्याचं हृदय एकदम मंदावलं. त्याचा सहकारी आर्थर यूइन्सने त्या अर्कातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन वेगळं काढलं. डेलने त्याचा कसून अभ्यास केला. त्याचा परिणाम जबरदस्त होता, पण क्षणात ओसरायचा. रक्तातला एखादा एन्झाइम त्याचे झपाट्याने तुकडे करत असावा, असा तर्क त्याने १९१४ मध्ये मांडला. मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरणारा व्हेगस हा मज्जातंतू चेतवला की जे जे होतं, ते हुबेहूब या रसायनाने होत होतं. पण हे रसायन प्राण्याच्या शरीरात असतं याचा पुरावा कुठे होता? डेल तिथेच थांबला. पुराव्याविना एक पाऊलही पुढे न टाकणं हा त्याचा पिंड होता. मग महायुद्ध आलं.

लोवीचा पिंड निराळा होता. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेला, चित्रकलेत रमणारा, १९०९ पासून ग्राझला औषधशास्त्राचा प्राध्यापक. डेलशी त्याची मैत्री १९०२ मध्ये लंडनला जुळली होती. मज्जातंतू रसायन सोडत असतील, असं १९०३ मध्ये त्याच्या मनात येऊन गेलं होतं. ते तपासायचं कसं, हे सुचलं नाही आणि तो विचार सतरा वर्षं बुडून राहिला. त्याच्या आत्मकथनाप्रमाणे १९२० च्या ईस्टरच्या आदल्या रात्री तो झोपेतून जागा झाला, एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपला. सकाळी सहाला आठवलं की आपण फार महत्त्वाचं काही लिहिलं आहे. पण अक्षर काही केल्या लागेना. तो सगळा दिवस त्याने कसा काढला असेल! दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी त्याने कागद-पेन्सिल शोधली नाही. उठला आणि तडक प्रयोगशाळेत गेला.

प्रयोग इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही समजावा. बेडकांची दोन हृदयं घेतली. बेडकाचं हृदय शरीराबाहेर खारट द्रावणात बराच वेळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाचा व्हेगस त्याला जोडलेला ठेवला, दुसऱ्याचे मज्जातंतू काढून टाकले. दोन्हीत द्रावण भरलं. पहिल्याचा व्हेगस काही मिनिटं विजेने चेतवला, ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्या हृदयात सोडलं. दुसऱ्याला ना तंतू ना वीज, तरी त्याचेही ठोके मंदावले. गती वाढवणारा तंतू चेतवून घेतलेल्या द्रावणाने ठोके वाढले. वीज द्रावणातून वाहून नेता येत नाही. गेला होता तो रस. लोवीने त्याला जर्मनमध्ये नाव दिलं ‘फागुसश्टोफ’, म्हणजे व्हेगसचं द्रव्य. लेख १९२१ मध्ये आला.

दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर आपण हा प्रयोग केलाच नसता, असं लोवी म्हणत असे. तंतूने रस सोडलाच तर तो तिथल्या तिथे पुरेल एवढाच असणार, तो बाहेरच्या द्रावणात सापडेल इतका उतू कशाला जाईल? तर्क बिनचूक होता, तरीही रस द्रावणात सापडला. शिवाय थंडीच्या दिवसांतल्या बेडकांत तो रस फोडणारा एन्झाइम मंदावलेला असतो, म्हणून रस टिकला. ऋतू दुसरा असता तर कदाचित हाती काहीच लागलं नसतं. इतरांनी करून पाहिला तेव्हा प्रयोग कुठे जमला, कुठे फसला, आणि शंकेखोरांचं फावलं. शेवटी १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लोवीने सगळ्यांसमोर एकाच बेडकाच्या हृदयावर प्रयोग अठरा वेळा करून दाखवला.

त्याच वर्षी लोवीने सहकारी नाव्रातिलबरोबर एक किल्ली शोधली. पश्चिम आफ्रिकेतल्या कालाबारच्या विषारी बियांमधलं एसेरीन हे द्रव्य त्या एन्झाइमला लुळं पाडतं, मग रस टिकून राहतो. आपल्याकडे फवारणीची ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातली औषधं याच एन्झाइमला जखडतात. फवारणी करताना विष अंगात गेलेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, नाडी मंदावते, कारण अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. जिल्हा रुग्णालयात त्याला अ‍ॅट्रोपिनच्या सुया देतात. ते या रसाची पलीकडची जागा अडवतं. लोवीनेही हाच पडताळा घेतला होता : अ‍ॅट्रोपिन दिलेल्या हृदयावर व्हेगसच्या द्रव्याचं काही चाललं नाही.

१९२९ मध्ये डेल आणि हॅरॉल्ड डडली यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या घोड्या-बैलांच्या प्लीहांतून अ‍ॅसिटिलकोलिन काढून दाखवलं. ते प्राण्याच्या शरीरात असतं, हे आता नक्की झालं. डेलची पंधरा वर्षांची अडचण सुटली आणि संथ पावलांचा हा माणूस धावू लागला.

पण खरी झुंज पुढेच होती. हृदय, आतडी, ग्रंथी यांचं काम संथ चालतं, तिथे रस असेल तर असो, असं ठिणगीवाले मान्य करू लागले होते. हात उचलणारा, पापणी मिटणारा स्नायू तर सेकंदाच्या हजाराव्या भागात हुकूम पाळतो. एवढ्या वेळात रस पाझरणार, पलीकडे पोचणार, काम करणार आणि नाहीसाही होणार? ऑस्ट्रेलियातून ऑक्सफर्डला आलेला, शेरिंग्टनचा शिष्य जॉन एक्लिस हा प्रश्न सभांमधून पोटतिडकीने विचारत असे. वयाने तरुण, बुद्धीने तल्लख, आवाज चढा.

उत्तर द्यायचं तर स्नायूतून बाहेर पडणारा तो नखभर रस मोजता यायला हवा होता. ती हातोटी बर्लिनमध्ये विल्हेल्म फेल्डबर्गकडे होती. जळवेच्या पाठीच्या स्नायूची पट्टी एसेरीनमध्ये भिजवली की ती अ‍ॅसिटिलकोलिनच्या अतिशय विरळ द्रावणानेही आखडते. रक्त पिणारी जळू त्या काळातलं सर्वांत नाजूक मोजमाप झाली होती. १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीने फेल्डबर्गला ज्यू म्हणून नोकरीतून काढलं. रॉकफेलर फाउंडेशनचा प्रतिनिधी बर्लिनमध्ये आहे हे कळल्यावर तो भेटायला गेला. तुमच्यासारख्या तरुणांसाठी आम्हाला फारसं काही करता येत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. बोलता बोलता प्रतिनिधीला त्याचं नाव लक्षात आलं. त्याच्याकडे या नावाच्या माणसासाठी डेलचा निरोप होता : फेल्डबर्ग कुठे भेटला आणि त्याची नोकरी गेली असेल, तर मला तो माझ्याकडे हवा आहे.

फेल्डबर्ग बायकोमुलांसह लंडनला आला आणि हॅम्पस्टेडच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत पुढची तीन वर्षं जळवांनी चमत्कार केले. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन सापडलं. घर्मग्रंथींच्या तंतूंत सापडलं. आणि १९३६ मध्ये डेल, फेल्डबर्ग आणि जर्मनी सोडून आलेली मार्थे व्होग्ट यांनी दाखवून दिलं की हुकमी स्नायूंचे तंतू चेतवले की त्यांच्याही टोकांशी तोच रस पाझरतो.

याच काळात एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला होता. ग्रिनिचच्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर ही पगारी सहायक डॉक्टर होती. तिच्या वॉर्डात मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या एक छप्पन्न वर्षांच्या बाई होत्या. या आजारात पापण्या उचलत नाहीत, घास गिळवत नाही, हात वर जात नाहीत. हे सगळं क्युरारे या विषाने होणाऱ्या लुळेपणासारखं दिसतं, असं एका मज्जाविकारतज्ज्ञाने तिला सांगितलं. क्युरारेवर उतारा एसेरीनचा. मग इथे का नको? तिने एसेरीनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात बाईंच्या पापण्या उघडल्या, जबडा हलू लागला. काही तासांनी परिणाम ओसरला, पुन्हा सुई दिली, पुन्हा पापण्या उघडल्या. जून १९३४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचं छोटंसं पत्र छापून आलं. डेलच्या प्रयोगशाळेतून निघणारा निष्कर्ष या बाईच्या वॉर्डात दोन वर्षं आधी डोळ्यांना दिसला होता. तिचं नाव नोबेलवाल्यांच्या ओळीत घेतलं जात नाही. मी ते घेतो.

एक्लिस मात्र हटला नाही. १९३५ मध्ये बर्नार्ड काट्झ हा लाइपझिगहून पळून आलेला तरुण नुकताच इंग्लंडमध्ये पोचला होता. शरीरशास्त्रज्ञांच्या एका सभेत त्याने डेल आणि एक्लिस यांना जवळजवळ हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं. अध्यक्ष होता एड्रियन, स्वतः नोबेल विजेता, आणि मध्ये पडून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. अशा शाब्दिक मारामारीनंतर हे लोक पुन्हा मित्रासारखे बोलतात, हे पाहून काट्झ चकित झाला. ज्या देशातून तो आला होता तिथे मतभेदाची शिक्षा आता निराळी होती.

१९३८ मध्ये लोवीला तर ज्यू असण्याचीच शिक्षा झाली. दोन महिन्यांनी त्याची सुटका झाली, पण स्टॉकहोमच्या बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम त्याला नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करावी लागली. मगच देश सोडायची परवानगी मिळाली. लंडनमध्ये डेलचं घर त्याच्यासाठी उघडंच होतं. तिथून ब्रसेल्स, ऑक्सफर्ड आणि १९४० मध्ये न्यूयॉर्क. तिथेच १९६१ च्या नाताळाच्या दिवशी तो वारला.

एक्लिस १९३७ मध्ये सिडनीला परतला. तिथे काट्झ आणि हंगेरीत जन्मलेला श्टेफान कुफलर त्याला येऊन मिळाले. स्नायूंबाबत त्याचा विरोध हळूहळू मावळला. मेंदू आणि मज्जारज्जू या किल्ल्यात मात्र तो ठाण मांडून बसला. तिथे तरी ठिणगीच असणार! पुढे तो न्यूझीलंडला गेला. तिथे त्याची गाठ तत्त्वज्ञ कार्ल पॉपरशी पडली. पॉपरने त्याला सांगितलं ते असं : तुझं गृहीतक चुकीचं ठरेल याची भीती बाळगू नकोस, ते इतकं नेमकं मांड की कोणालाही खोडता यावं. एक्लिसने ते मनावर घेतलं. १९४७ मध्ये त्यालाही झोपेतून उठल्यावर एक कल्पना सुचली आणि मज्जारज्जूत एक पेशी दुसरीला कशी रोखते याचं विजेवर आधारलेलं सविस्तर चित्र त्याने मांडलं.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडमधल्या डनेडिनला एक्लिस आणि त्याचे सहकारी ब्रॉक व कूम्ब्स यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक मांजरीच्या मज्जारज्जूतल्या एकाच चेतापेशीच्या आत घुसवलं. रोखणारा निरोप येताच पेशीच्या आतल्या विद्युतदाबाची रेघ कुठे जाते, ते पाहायचं होतं. ठिणगीच्या गृहीतकाप्रमाणे ती ज्या दिशेला जायला हवी होती, तिच्या नेमकी उलट गेली. एक्लिसने पडद्यावर पाहिलं आणि मान्य केलं. अठरा-वीस वर्षांची भूमिका त्याने सोडली आणि तसं छापूनही टाकलं. डेलने या परिवर्तनाची तुलना दमास्कसच्या वाटेवर डोळे उघडलेल्या संत पॉलशी केली. पुढे रसाच्या बाजूने एक्लिसइतकं हिरिरीने काम फार थोड्यांनी केलं असेल. १९६३ चं नोबेल त्याला मिळालं.

सेकंदाच्या हजाराव्या भागात हे सगळं कसं साधतं, हे काट्झने उलगडलं. लंडनला परतल्यावर त्याने आणि पॉल फॅटने पाहिलं की तंतू स्वस्थ असतानाही स्नायूत अगदी बारीक विद्युत्-झटके येत राहतात, आणि सगळे जवळपास सारख्या मापाचे. पुढे देल कास्तिल्योबरोबर त्याने दाखवलं की निरोपाचा मोठा झटका या मापांच्या पटीतच असतो. रस झिरपत नाही, पुड्यांनी सुटतो. वीज तंतूच्या टोकाला पोचली की कॅल्शियम आत शिरतं, हजारो रेणूंनी भरलेल्या पुड्या फुटतात, फट ओलांडायला रेणूंना काही क्षणांशच लागतात, कारण ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही अरुंद असते. १९५० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुड्या डोळ्यांनी दिसल्या.

काट्झच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या विभागात त्या दशकाच्या अखेरीला फर्शपान आणि पॉटर हे दोन अमेरिकन तरुण गोड्या पाण्यातल्या क्रेफिश या चिंगाट्याचे मज्जातंतू तपासत होते. शेपटी झटकून पळायला लावणाऱ्या एका जोडावर त्यांना निरोपाला उशीरच आढळेना. रसाची गरजच नाही. एका पेशीतली वीज सरळ दुसरीत उतरत होती. १९३५ च्या त्या सभेत डेल आणि एक्लिस यांच्याकडे डोळे विस्फारून पाहणाऱ्या काट्झच्याच छपराखाली ठिणगीवाल्यांची ठिणगी सापडली.